साळव्यांचा कॉम्प्युटर अजून चालतो!

नाही, पण मी म्हणतो, बावीस मिनिटं? बावीस मिनिटं लागायची हो त्या डब्याला सुरू व्हायला! तुम्हाला सांगतो, एवढ्या वेळात माणूस मयूर विहारहून मेट्रोनं मंडी हाउसला पोचतो! आणि आमचे साळवे काय करायचे, तर बटण दाबायचे, स्वयंपाकघरात जायचे, चहा टाकायचे, गाळायचे, प्यायचे, कप विसळून पालथा घालायचे, परत यायचे… तरी पडद्यावर ते निळं काहीतरी गोल गोल फिरतच असायचं. त्याच्याकडे बघून, नातू पहिलं पाऊल टाकतोय अशा चेहऱ्यानं म्हणायचे, "बघा! अजून चालतो की!"

साळवे म्हणजे विश्वास साळवे. मूळचे नगरचे, पण दिल्लीत चाळीस वर्षं झाली. ते तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या, बरोब्बर त्यांच्या खाली. त्यामुळे त्यांचा कॉम्प्युटर चालू होतोय की नाही हे त्यांच्या आधी मला कळायचं. कसं? अहो, तो सुरू व्हायला डाव्या कुशीवर एक थाप लागायची. उजव्या नाही हां, डाव्याच! वर धप्प आवाज आला की आमची ही पोळी लाटता लाटता म्हणायची, "बसले साळवे भावजी कामाला."

बरं, काम काय? तर टायपिंग. मराठी टायपिंग! कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं टंकलेखक होते ते. मराठी टंकलेखक, आणि तोही दिल्लीत! सुरुवात टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटर आला, पण ह्यांनी बोटं बदलली नाहीत. टाइपरायटरच्या कळांवर चालणारा एक जुनापुराणा फॉन्ट कुणाकडून तरी मिळवला, घरच्या मशीनमध्ये घातला, आणि रिटायर झाल्यावर ह्यांचं काम संपायच्या ऐवजी वाढलं. कारण काय, की कँटोनमेंटमधले आपले जवान, साताऱ्याचे, सांगलीचे, कोल्हापूरचे. त्यांना गावाकडच्या कचेरीत मराठीत अर्ज द्यायचा असला की दिल्लीत टाइप कोण करून देणार? मग एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि दर रविवारी साळवे काका चर्चमधून घरी पोचायच्या आत जिन्यात दोन फौजी उभे! पैसे घ्यायचे नाहीत. सरलावहिनी वर पोहे खाऊ घालायच्या.

आता त्या कॉम्प्युटरचं घ्या. दोन हजार नऊ सालचा! जानेवारीत त्याला थंडी वाजायची. हसू नका, खरंच वाजायची! थंड असला की सुरूच व्हायचा नाही, मग साळवे त्याच्यासमोर हीटर लावायचे. हीटर एकच घरात. म्हणजे वहिनी शाल गुंडाळून सोफ्यावर कुडकुडतायत आणि हीटर कुणाला? तर त्याला! आणि मे महिन्यात उलटं. तापला की पटकन बंद. मग कूलर त्याच्याकडे तोंड करून. वहिनी म्हणायच्या, "अहो, पुढच्या जन्मी मला डब्याचाच जन्म मिळो, म्हणजे तुम्ही माझी काळजी घ्याल." आणि साळवे? "अगं, असं काय करतेस… अजून चालतो की!"

तर ह्या जानेवारीतली गोष्ट. शहाजी म्हणून फौजेतला एक हवालदार आहे, साताऱ्याकडचा. उंच, आडवा, आवाज खणखणीत, पण आईपुढे अगदी मांजर. आई भीमाबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दिल्लीला आलेली. तिच्या नवऱ्याच्या माघारी सातबाऱ्यावर तिचं नाव लागायला हवं होतं, तर दिरानं हरकत घेतली. का? तर म्हणे, ही जमीन आमच्या भावानं हयातीतच सोडली होती. अडीच एकर जमीन, जिच्यात ह्या बाईनं चाळीस वर्षं खुरपं चालवलं! आणि तिचं नाव कुठंच नाही! तालुक्याला मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागलेली, मंगळवारी. गाडी शनिवारची. आणि सुनावणीत द्यायला हवं भीमाबाईचं लेखी म्हणणं.

आता भीमाबाईचं म्हणणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगतो. साळव्यांनी विचारलं, "आजी, लग्न कुठल्या साली झालं?" तर, "आवं सायेब, साल न्हाई म्हाईत, पर त्या वर्सी आमच्या थोरल्या नणंदंची म्हस विहिरीत पडल्याली, आन् ती काडाया जो गडी उतरला त्योच म्होरं…" आणि मग तो गडी, त्याची बायको, त्या बायकोचं माहेर, माहेरातलं भांडण! शहाजी डोक्याला हात लावून, "आई, जमिनीचं बोल, जमिनीचं!" "आरं, तितंच निघालीया मी!" तीन रविवार चाललं हे. साळवे ऐकायचे, कोंडा पाखडावा तसं पाखडायचे आणि दाणे तेवढे टाइप करायचे. थेट मशीनवर हां! कागदावर कच्चं लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. म्हणायचे, "कच्चं लिहितो तो टंकलेखक कसला?" सात पानं झाली. एक पान राहिलं होतं. शहाजी म्हणाला, "काका, झालंय तेवढं छापून देता का?" तर हे म्हणाले, "एकदम छापू. घाई कसली आहे?"

काय म्हणावं ह्याला? घाई कसली आहे!

बुधवारी सकाळी वर धप्प झालं. मी पेपर वाचत होतो. पाच मिनिटांनी परत धप्प. मग दोनदा धप्प धप्प. मग बराच वेळ काही नाही… आणि मग एकदम उजव्या बाजूनं धप्प! मी हिला म्हटलं, "उजवीकडून मारतायत. काहीतरी गंभीर आहे."

वर गेलो तर साळवे हीटर पोटाशी धरून कॉम्प्युटरपुढे उकिडवे बसलेले. पडदा काळा. आतून एक बारीक टिक… टिक… टिक… आवाज. मला बघून म्हणाले, "आवाज येतोय. म्हणजे जीव आहे." सरलावहिनी दारातून म्हणाल्या, "अहो, तो आवाज हीटरचा आहे."

मग काय, सल्ले! अंशुमनला फोन लावला, म्हणजे त्यांचा मुलगा, गुडगावला मोठ्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, यार, तुम्ही अजून ते ठेवलंय? फेका ना! मी आजच लॅपटॉप ऑर्डर करतो, उद्या येईल." साळवे म्हणाले, "अरे, त्यात आजींचं म्हणणं आहे." "कसलं म्हणणं?" "सात पानांचं." "मग बॅकअप असेल ना?" आता तुम्ही सांगा, थेट मशीनवर टाइप करणारा माणूस बॅकअप ठेवेल? साळव्यांनी हीटर आणखी जवळ सरकवला. अंशुमन म्हणाला, "बाबा, रिपेअर इज नॉट वर्थ इट. नेहरू प्लेसला नेऊन फक्त हार्डडिस्क काढून घ्या, बाकी टाका." फोन ठेवल्यावर साळव्यांनी कॉम्प्युटरवरची धूळ पंचानं पुसली आणि त्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "टाका म्हणतोय."

मग शहाजीला कळवलं. फोन माझ्यासमोरच केला. साळव्यांनी अडखळत सांगितलं, की असं असं झालंय, वाटल्यास आजींना घेऊन या, परत सांगू देत, मी हातानं लिहून घेतो. मग तो खणखणीत आवाजाचा हवालदार हळूच म्हणाला, "काका… परत सांगायला लावू नका. शनिवारी गाडी आहे. म्हशीच्या पुढं जायलाच दोन दिवस लागतील."

तेव्हा साळव्यांचा चेहरा उतरला. खरं सांगतो, तोवर त्यांना कॉम्प्युटरचं वाईट वाटत होतं, आता स्वतःचं वाटायला लागलं. रात्री जेवले नाहीत म्हणे. वहिनी म्हणाल्या, "चला, उद्या नेऊ नेहरू प्लेसला." ह्याच वहिनी हां, पंधरा वर्षं त्याला डबा म्हणणाऱ्या!

गुरुवारी निघाली वरात. रिक्षा नको! का? धक्के बसतील! म्हणून मेट्रो. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळलेला, एक टोक साळव्यांकडे, एक टोक वहिनींकडे. बघणाऱ्याला वाटावं, पेशंट नेतायत. मयूर विहार स्टेशनवर तपासणीच्या मशीनमधून चादर आत गेली आणि तिथला जवान पडद्याकडे बघतच राहिला. "अंकल, इसमें क्या है?" "कंप्यूटर." "कंप्यूटर के अंदर क्या है?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं? साळवे म्हणाले, "अर्ज़ी है." जवान म्हणाला, "खोलिए." चादर सोडली, बाजूचा पत्रा काढला, तर आत पाल! वाळून पापड झालेली, दोन तारांच्या मध्ये. जवानानं पाल बघितली, साळव्यांकडे बघितलं, परत पालीकडे बघितलं, आणि म्हणाला, "जाइए, जाइए."

गाडीत गर्दी. एक मुलगी उठून म्हणाली, "अंकल, बैठ जाइए." अंकलनी काय केलं? कॉम्प्युटर बसवला! स्वतः दांडीला धरून उभे! वहिनी म्हणाल्या, "अहो, लोक बघतायत." "बघू देत. त्याला उभं नाही राहवत." आता बोला! मंडी हाउसला गाडी बदलायची, तिथल्या सरकत्या जिन्यावर तर त्यांनी त्याला चक्क कडेवर घेतला.

नेहरू प्लेसला शहाजी आधीच येऊन उभा होता, आणि शेजारी डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून भीमाबाई. शहाजी म्हणाला, "ऐकेनाच, काका. म्हणते, माजी कागदं हायती, मी येनार." दुकान तनेजाचं, गल्लीच्या टोकाला, एवढंसं. तनेजा साठीचा, गळ्यात मफलर, कानावर स्क्रू पिळायचा पेचकस. त्यानं पत्रा काढला, पाल चिमट्यानं बाजूला ठेवली, आत टॉर्च मारून बघितलं. मग म्हणाला, "अंकल जी, ये चल रहा था?"

"परसों तक!" साळवे म्हणाले. आणि बघा हां, डोळ्यांत पाणी आणि तोंडात तेच, मराठीतच, "अजून चालतो की!"

तनेजा म्हणाला, "बोर्ड गया. पुराना बोर्ड ढूँढ के लगा सकता हूँ, पर सच बोलूँ तो छह महीने, बस. फिर वापस आओगे." साळवे म्हणाले, "ते नंतर बघू. आधी आतलं काढा." त्यानं हार्डडिस्क काढली, आपल्या मशीनला जोडली. घरघर झाली. आणि फाइल दिसली! नाव तेवढं इंग्रजीत, 'भीमाबाई फायनल'. उघडा, उघडा! उघडली…

आणि पडद्यावर सगळं इंग्रजी. इंग्रजी तरी कसलं हो, कुठल्याच भाषेतलं नाही! एच, के, एच, ई, के, सी… मध्येच पूर्णविराम, मध्येच कंस. सात पानं नुसता भुसा!

तनेजा म्हणाला, "अंकल, फ़ाइल ख़राब." शहाजी भिंतीला टेकला. मग तनेजानं डोकं खाजवलं, "रुकिए… फ़ॉन्ट का चक्कर है. वो फ़ॉन्ट मेरे पास नहीं है, और आपकी डिस्क में जहाँ था वो हिस्सा ही उड़ गया." भीमाबाईनं विचारलं, "काय म्हंतुय त्यो?" वहिनींनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "आजी, अक्षरं आहेत, पण वाचता येत नाहीयेत."

आणि तुम्हाला सांगतो, हे मला वहिनींनी नंतर तीनदा सांगितलं आणि तीनदा सांगताना तीनदा थांबल्या… साळवे पडद्याकडे बघत होते आणि त्यांची बोटं काचेच्या काउंटरवर हलत होती. टक टक टक. आधी वहिनींना वाटलं, थंडीनं. मग लक्षात आलं, की ते टाइप करतायत. काचेवर! पडद्यावर एच दिसला की ह्यांचं बोट एचच्या जागी जायचं, आणि चौतीस वर्षं त्या बोटाखाली जे अक्षर उमटत आलं होतं ते ओठांवर यायचं. एच, के, एच… "भी." ई, के… "मा." सी, के… "बा." बी, झेड… "ई." साळवे म्हणाले, "भीमाबाई." मग पुढची ओळ. "मी, अर्जदार, खाली सही करणार…" मग सरळ वाचायलाच लागले! न थांबता! तुम्ही आम्ही पेपर वाचतो तसं! डोळे पडद्यावर, बोटं काचेवर, आणि तोंडातून सातबारा, फेरफार, वहिवाट, सगळं खणखणीत!

तनेजानं कानावरचा पेचकस काढून खाली ठेवला. "अंकल जी… ये आप पढ़ रहे हो?"

शहाजी पुढे झाला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढून साळव्यांच्या तोंडापुढे धरला. त्यात ते बोललेलं लिहून घ्यायचं असतं ना, मराठीतलं, ते चालू केलं. साळवे वाचतायत आणि मोबाइल लिहितोय! भराभर! तीन रविवार लागलेली सात पानं बावन्न मिनिटांत! आता सगळं बरोबर नाही हां. सातबाऱ्याच्या जागी त्यानं सात वाजून बारा मिनिटं लिहिलं, म्हणजे 'अर्जदाराचे नाव सात वाजून बारा मिनिटांवर लावण्यात यावे'. साळव्यांनी ते एकेक शोधून सुधारलं. भीमाबाई स्टुलावर बसून प्रत्येक वाक्याला, "व्हय, आसंच झालं," म्हणत होती. राहिलेलं आठवं पान तिथंच सांगून घेतलं. संपल्यावर ती म्हणाली, "समदं आलं सायेब, पर म्हस ऱ्हायली." आणि साळव्यांनी, तुम्हाला खोटं वाटेल, शेवटी एक वाक्य म्हशीचं घातलं.

शेजारच्या दुकानातून छापून आणलं, भीमाबाईनं अंगठा उठवला, शहाजी वाकून साळव्यांच्या पाया पडला. मग तनेजानं विचारलं, "तो अंकल जी, इसका क्या करूँ? बोर्ड मँगवाऊँ?"

साळवे त्या उघड्या डब्याकडे बघत राहिले. वहिनी वाट बघत होत्या, की आता म्हणतील, आता म्हणतील… वहिनींची मनाची तयारी झाली होती, सांगतो ना. त्याच म्हणाल्या, "अहो, करून घ्या हवा तर. सहा महिने तर सहा महिने. हीटर मी आणखी एक घेईन." साळव्यांनी वहिनींच्या शालीकडे बघितलं. मग तनेजाला म्हणाले, "रहने दीजिए."

"पक्का?"

"पक्का. पाल भी आप रखिए."

परत येताना स्टेशनवर रिकामी चादर घडी करून काखेत. जवानानं विचारलं, सामान? हे म्हणाले, काही नाही. गाडीत जागा मिळाली, बसले, चादर मांडीवर घेतली. यमुनेचा पूल गेल्यावर म्हणाले, "सरला, 'वहिवाट' मी बरोबर वाचलं ना गं?" त्या म्हणाल्या, "अगदी बरोबर."

मंगळवारी सुनावणी झाली. संध्याकाळी शहाजीचा फोन. साळव्यांनी स्पीकरवर टाकला, मीही होतो तिथं. "काका, झालं! आईचं नाव लागणार!" आम्ही टाळ्या वाजवल्या. साळवे म्हणाले, "साहेबांनी म्हणणं वाचलं? काही चुका काढल्या?" तर शहाजी घुटमळला. "नाही काका… म्हणजे, त्यांनी कागद फायलीला लावला. म्हणाले, आजी, तुम्ही तोंडीच सांगा थोडक्यात." थोडक्यात! भीमाबाईला! "मग?" "मग आईनं सुरुवात केली. पाऊण तासानं साहेबांनी चुलत्यांना विचारलं, तुमच्याकडे जमीन सोडल्याचा कागद आहे का? चुलते म्हणाले, कागद नाही. साहेब म्हणाले, मग हरकत फेटाळली, आणि आजी, पाया पडतो, आता थांबा."

वहिनी इतक्या हसल्या की शालीत तोंड खुपसून बसल्या. साळवे हसले नाहीत. फोन ठेवून म्हणाले, "पण फायलीला लावला ना? लावला. झालं तर."

तर आता लॅपटॉप आलाय अंशुमनचा. कळा मऊ, आवाज नाही, चार सेकंदांत सुरू. चहा टाकायला उसंत नाही! साळव्यांच्या बोटांना तो रुचत नाही. म्हणून शहाजीनं गावाहून परतल्यावर त्यांच्या मोबाइलमध्ये ते बोलून लिहायचं चालू करून दिलं, आणि रविवारी जिन्यात फौजी उभेच आहेत. साळवे मोबाइल तोंडापुढे धरून अर्ज बोलतात, मोबाइल लिहितो. फेरफार बरोबर लिहितो, वहिवाट बरोबर लिहितो, मंडळ अधिकारीसुद्धा बरोबर लिहितो. फक्त एक त्याला काही केल्या जमत नाही. खाली 'मदतनीस' म्हणून हे आपलं नाव सांगतात, अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, "विश्वास… साळवे." आणि तो लिहितो, 'विश्वास ठेवावे'. दहा वेळा सांगितलं, दहा वेळा 'विश्वास ठेवावे'! परवा मी वर गेलो तर पडद्याकडे बघत बसले होते. मला म्हणाले, "काय करणार? तो एवढं म्हणतोय… तर ठेवतो."